साडेपाच तासांचं भांडण

फार जुनी नाही, तीन-चार संगणकांमागची गोष्ट. जयवंताबाईंच्या संगणकाच्या पोटात एक चिमुकलं घड्याळ राहायचं. बाईंनी त्याच संगणकात दोन ऑपरेटिंग सिस्टीम बसवल्या, थोरली आणि धाकटी. एक जागी असली की दुसरी झोपलेली, त्यामुळे दोघींनी एकमेकींचं तोंडही पाहिलं नव्हतं.

थोरली घड्याळात इथली वेळ लावायची. धाकटीला घड्याळात विलायतेची वेळ ठेवून इथली मनात मोजायची सवय. "पुन्हा बिघडवलं हिनं!" म्हणत ती काटे साडेपाच तास मागे ओढायची. थोरली उठली की तशीच करवादत ते पुढे ढकलायची.

घड्याळाच्या जिवाला क्षणभर चैन उरलं नाही. शेवटी ते थोरलीला काकुळतीनं म्हणालं, "बाई, धाकट्या बाई चुकत नाहीत हो, त्यांची रीत वेगळी आहे. एक दिवस मला हात लावू नका."

"आधी तिला सांग!" थोरली फणकारली.

धाकटीला सांगितलं, तर तिचंही उत्तर तेच.

एका सकाळी घड्याळ दमून थांबलं ते थांबलंच. थोरली उठली आणि म्हणाली, "मोडलं ना शेवटी तिनं!" दुपारी धाकटी उठली आणि तीही तेच म्हणाली.

जन्मात एकदाच दोघींचं एकमत झालं. ते ऐकायला घड्याळ तेवढं नव्हतं.