टिचकी मुंगीचं दार

शहर संपलं, की लगेच जंगल. सगळ्यांचं जंगल! सकाळ झाली, की माणसंच माणसं. कोणी चालतंय, कोणी पळतंय, कोणी उगाच हसतंय.

तिथे टिचकी मुंगी राहायची. एवढीशी! पण तोंड? बाप रे!

टिचकी बाळांसाठी खाऊ आणायला गेली. तुरुतुरु, तुरुतुरु. डोक्यावर गवताचं बी घेऊन आली. बघते तर काय? दार गायब! दारावर सतरंजी. लाल लाल सतरंजी! आतून बाळं ओरडतायत, "आई, भूक!"

टिचकी म्हणाली, "सतरंजी, सतरंजी, हल ना! दार उघडेना, बाळं जेवेनात!"

सतरंजी म्हणाली, "कशी हलू? माझ्यावर गोदूआजी बसलीय. आजी उठेल, तर मी हलेन."

गेली टिचकी आजीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"आजी, आजी, ऊठ ना! सतरंजी हलेना, दार उघडेना, बाळं जेवेनात!"

आजी म्हणाली, "अगं, आमचा हसायचा वर्ग चाललाय. मंजूताई टाळी वाजवेल, तर मी उठेन."

गेली टिचकी ताईकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"ताई, ताई, टाळी वाजव ना! आजी उठेना, सतरंजी हलेना, दार उघडेना, बाळं जेवेनात!"

ताई म्हणाली, "सगळे हसले, की मगच टाळी. नेमच आहे आमचा! जनूकाका बघ, तोंड फुगवून बसलेत. ते हसतील, तर मी टाळी वाजवेन."

गेली टिचकी काकाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"काका, काका, हस ना! ताई टाळी वाजवेना, आजी उठेना, सतरंजी हलेना, दार उघडेना, बाळं जेवेनात!"

काका म्हणाला, "हसतोय कसला, डोंबल! माकडिणीनं माझी टोपी पळवली. माकडीण टोपी देईल, तर मी हसेन."

गेली टिचकी झाडावर. तुरुतुरु, वर वर वर.

"माकडिणी, माकडिणी, टोपी दे ना! काका हसेना, ताई टाळी वाजवेना, आजी उठेना, सतरंजी हलेना, दार उघडेना, बाळं जेवेनात!"

माकडीण म्हणाली, "हळू बोल गं, भवाने! टोपीत माझं पिल्लू झोपलंय. पिल्लू उठेल, तर मी टोपी देईन."

टिचकी टोपीत उतरली.

"पिल्ला, पिल्ला, ऊठ ना! माकडीण टोपी देईना, काका हसेना, ताई टाळी वाजवेना, आजी उठेना, सतरंजी हलेना, दार उघडेना, बाळं जेवेनात!"

पिल्लू म्हणालं, "खुर्रर्र... फुस्स!"

"असं काय? थांब, बघतेच!" टिचकी शिरली नाकात. गुदुगुदु, गुदुगुदु!

"आ... आ... आक्छी!"

पिल्लू उठलं! आईच्या पोटाला चिकटलं.

माकडिणीनं टोपी टाकली. टिचकी टोपीतच! बीसुद्धा टोपीतच! भिर्रर्र... थप्प! काकाच्या टकलावर!

टकलावर टिचकी तुरुतुरु, तुरुतुरु. काका हसला, हा हा हा! हो हो हो! ही ही ही!

ताईनं टाळी वाजवली, फटाक!

आजी उठली, "आई गं, माझे गुडघे!"

सतरंजी हलली, सर्रर्र!

दार उघडलं! टिचकी बी घेऊन खाली उतरली, तुरुतुरु, तुरुतुरु.

टिचकी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आजी, बसायच्या आधी खाली बघायचं!"

"अगंबाई, इथे घर आहे होय? चुकलं गं माझं!" आजीनं दाराभोवती चार खडे मांडले. सगळ्यांना दटावलं, "इथे कोणी बसायचं नाही हं!"

बाळं जेवली. कुरुम कुरुम, कुरुम कुरुम!

मुंगी गेली घरात, गोष्ट गेली कानात, चला पळा रानात!