तांबडा चिखल

आंबेखिंड नगरपरिषदेचे नानिवडेकर साहेब पावसाळ्यात बांधकामांचे नियम इतक्या वेळा बदलत, की ठेकेदारांना छत्रीच्या आधी परिपत्रक उघडावं लागे. यंदाचा नियम होता, की पावसाच्या पाण्याबरोबर बांधकामावरची माती रस्त्यावर आली, तर काम बंद.

रेवती खळदकर मुलींचं वसतिगृह बांधत होती. शाळा उघडायच्या आत छप्पर चढायला हवं होतं. तिने जागेभोवती चर खणले, बांध घातले, तरी एका जोरदार सरीनंतर फाटकासमोर चिखल साचलाच. साहेब लगेच हजर झाले.

"बाई, काम बंद करा!"

रेवती चिखलाजवळ वाकली. तो नीट पाहिल्यावर तिने हसू दाबलं आणि मऊ आवाजात विचारलं, "साहेब, हा चिखल दुसऱ्या कुणाचा निघाला तर?"

"कुणाचाही असो!" जमलेल्या लोकांकडे पाहत साहेब गरजले. "त्याचं काम बंद! आणि चिखल भरून त्याच्या दारात नेऊन टाका. माझा हुकूम आहे!"

"आमची माती काळी आहे, साहेब. हा चिखल तांबडा आहे. वरच्या अंगाला तांबडा मुरूम एकाच ठिकाणी खणलाय, तुमच्या नव्या बंगल्याच्या पायासाठी. ट्रॅक्टर तयार आहे. बंगल्यावर टाकू, की राहत्या घरी?"

लोक तोंड फिरवून हसू लागले. साहेब खाकरले.

"तुमचं काम चालू द्या," ते पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा माणूस रेवतीकडे आला. बंगल्याभोवती चर कसे खणायचे, हे साहेबांनी विचारलं होतं.