पोचलं म्हणणारा रवळू

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षं ते मला विचारू नका. मी तिथं नव्हतो, आणि जे नव्हते तेच हल्ली साल सांगत फिरतात.

आमच्या उंबरगाळला तेव्हा गाडीवाट नव्हती, विहीर नव्हती. डोंगराच्या पोटात एक झरा होता आणि झऱ्यापासून गावापर्यंत दगडमातीचा एक पाट होता. प्यायला त्याचंच पाणी आणि भाताला त्याचंच. तो पाट राखायला गावानं एक माणूस ठेवलेला असायचा, त्याला पाटकरी म्हणत. त्या वेळचा पाटकरी म्हणजे रवळू.

दिसायला काही नव्हता. बुटका, एका पायानं फेंगडा, बायको लवकर गेलेली. सकाळी खोरं खांद्यावर टाकायचं, पाटाच्या कडेनं वर जायचं, खेकड्यानं भोक पाडलं असेल ते बुजवायचं, पाला काढायचा, ज्याची पाळी असेल त्याच्या शेतात पाणी वळवायचं आणि उन्हं कलली की खाली यायचं. घरी जायच्या आधी मात्र तो पावणाईच्या देवळात जायचा.

पावणाई आमची गावदेवी. आमच्याकडं देवळात जायचं ते विचारायला, नाहीतर मागायला. देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न घालायचा. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. ह्याला कौल म्हणतात. म्हैस विकू का, पोरगी त्या घरात देऊ का, सुनेच्या अंगात आळस आहे की भूत आहे. रोज रांग.

रवळूनं जन्मात कौल लावला नाही. तो खांबापाशी उभा राहायचा, हातातली एखादी बारकी वस्तू खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "आई, पोचलं." आणि चालता व्हायचा. वस्तू म्हणजे काय, तर कधी भाताची लोंबी, कधी खंड्याचं निळं पीस, कधी नुसता गुळगुळीत गोटा. एका पावसाळ्यात म्हणे बेडूक आणला होता. तो देवीच्या पायापाशी बसला तो तीन दिवस उठला नाही, असं म्हणतात.

देऊळ झाडायचं काम सोमा गुरवाचं. तो वैतागला. त्यानं एकदा रवळूला धरलंच, की हा कचरा रोज कशाला आणतोस. तेव्हा रवळू म्हणाला, "शेजारीण वाटीभर कढी धाडती. आपण ती वाटी रिकामी परत देतो काय? चिमूटभर साखर तरी घालतो. ही बाई दिवसभर धाडतीया, आणि गाव नुसतं म्हणतंय, अजून धाड. पोचलं म्हणून कुणीतरी सांगाय नको?"

सोमा गुरवानं झाडू आपटला आणि कचरा काढला.

मग एका वर्षी वैशाखात झरा थांबला. कमी नाही झाला, थांबला. रात्री होता, सकाळी नाही. पाटात नुसता चिखल, आणि दोन दिवसांत चिखलाचीही खापरं झाली. बायका कोसभर खाली नदीवरनं घागरी आणू लागल्या. पण डोक्यावरच्या घागरीनं भात पिकत नाही. पाट आला नाही तर गाव उठवून खाली न्यायचं, दुसऱ्यांच्या जमिनीवर राबायचं, एवढंच उरलं होतं.

देवीला कौल लावला, की हा कुणाचा दोष? पाकळ्या उन्हानं इतक्या सुकल्या होत्या की दोन्ही एकदम गळल्या. त्याचा अर्थ कुणाला लागेना. तेव्हा गावचा मुख्य, आबाजी गावकर, उठून उभा राहिला. हा माणूस हुशार होता आणि हुशार माणसाचा मूर्खपणा फार लांब जातो. तो म्हणाला, अर्थ स्पष्ट आहे. आपण सगळे मागत होतो, आणि हा एकटा रोज येऊन पोचलं पोचलं सांगत होता. देवीला वाटलं, पोचलं ना, मग आता पुरे. तिनं धाडायचं बंद केलं.

हसू नका. तुम्ही तिथं असता तर तुम्हीही मान डोलावली असती.

गावकरानं हुकूम सोडला. रवळूनं देवळाची पायरी चढायची नाही, तो शब्द तोंडातून काढायचा नाही, आणि गावानं त्याला घासभर अन्न की घोटभर पाणी द्यायचं नाही. रवळूनं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "पाट राखू नको, असं तर नाय ना?" ते कुणी म्हटलं नव्हतं.

म्हणून तो रोज कोरडा पाट राखू लागला. पाणी नाही, खेकडे नाहीत, तरी खोरं घेऊन वर जायचा, पाला काढायचा, खाली यायचा. संध्याकाळी देवळाकडं तोंड करून लांब उभा राहायचा. ओठ मिटलेले. हातातली वस्तू घोंगडीच्या खोळीत टाकायचा आणि घरी जायचा. असे चाळीस दिवस गेले. तो जगला कसा, ह्याचंच गावाला नवल वाटायचं. कुणी म्हणायचं वारा खातो.

एकेचाळिसाव्या दिवशी तो झऱ्यावरच्या उंबरापाशी पोचला. तिथं दरड घसरून मोठी धोंड पडली होती, ती सगळ्यांनी पाहिली होती; पाणी तिच्याखाली अडलं असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. पण त्या दिवशी धोंडीच्या बुडाशी, तळहाताएवढ्या जागेत, पिवळी फुलपाखरं बसली होती. दाटीवाटीनं, पंख मिटून. फुलपाखरू कोरड्या मातीवर असं बसत नाही. रवळू खाली बसला, बोट लावलं. बोट गार लागलं.

हुकूम होता, पण तोंडातून निघून गेलं. "आई, पोचलं."

असं म्हणतात, त्या शब्दाबरोबर उंबरानं आपली मुळं आखडून घेतली, म्हातारी पाय पोटाशी घेते तशी, आणि धोंड आपोआप बाजूला सरकली. मी ती जागा बघितली आहे. धोंडीवर खोऱ्याचे घावही आहेत, पुष्कळ आहेत. तुम्हाला काय मानायचं ते माना.

गावानं पाहिलं ते हे, की रवळू पाटातून चालत खाली येतो आहे, आणि गाईच्या मागं वासरू यावं तसं पाणी त्याच्या टाचेला टाच लावून येतं आहे. तो थांबला की थांबतं, चालला की चालतं. त्यानं एकदाही मागं वळून बघितलं नाही.

सगळं गाव देवळापुढं जमलं. गावकर पुढं झाला आणि म्हणाला, "काय मागितलंस रं तिच्याकडं?"

"मागितलं काय नाय," रवळू म्हणाला. "चाळीस दिवसांचं सांगायचं ऱ्हायलंय. आत येऊ?"

गावकर बाजूला झाला. रवळूनं खोळ सोडली आणि एकेक वस्तू देवीपुढं मांडत गेला. "हे पळसाचं पान. ह्यात गावकरीणबाईनं भाकरी बांधून कुंपणावर ठेवली हुती, पोचली. ही करवंटी. सोमा गुरवानं तुझ्या आंघोळीतलं पाणी ह्यात भरून दाराशी ठेवलं, पोचलं. ही शेळीची लेंडी. म्हादूच्या पोरीनं शेळी माझ्या परड्यात आणून पिळली, पोचलं."

एकेक नाव निघत गेलं. आवळीएवढा गूळ, चुलीतला निखारा, गाडगं पुसून काढलेला ताकाचा घोट. गावात असं एक घर निघालं नाही की जिथून काही आलं नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं आपण एकट्यानंच हुकूम मोडला. सगळे खाली बघू लागले. गावकरानं बायकोकडं पाहिलं. तिनं पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते. ती रडत नव्हती, हसत होती.

"वारा खातोय व्हय रं तू?" सोमा गुरव म्हणाला, आणि मग सगळंच देऊळ हसलं. त्या दिवशी सोमानं तो कचरा झाडला नाही. चाळीसच्या चाळीस वस्तू सुकून माती होईपर्यंत तिथंच होत्या.

रवळू पुढं पुष्कळ जगला. म्हातारपणी एका सकाळी पाटानं वर गेला तो परत आला नाही. उंबराखाली त्याचं खोरं सापडलं आणि त्यावर पिवळी फुलपाखरं, असं म्हणतात.

आता आमच्याकडं नळ आले, मोटारी आल्या, पण पाट अजून आहे. कौल आजही लागतात, रांगही लागते. मात्र रवळूच्या नावानं एक रीत आहे. प्रश्न घालायच्या आधी प्रत्येकानं काहीतरी बारकं पायापाशी ठेवायचं आणि काय मिळालं ते एक तरी मोठ्यानं सांगायचं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. ज्याला काहीच आठवत नाही, त्यानं मागं जाऊन आठवेपर्यंत बसायचं. काही शहाणे संध्याकाळपर्यंत बसलेले मी पाहिले आहेत. आणि गावात कुणाची वाटी रिकामी परत जात नाही.

काल मीही गेलो होतो. गुडघ्यासाठी कौल लावायचा होता. बराच वेळ मागं बसलो, कारण खोटं बोलणार कसं, दुखत तर होता. मग लक्षात आलं, की दुखतो तो डावा. उजव्यानं मला देवळाच्या पायऱ्या चढवून वर आणलं होतं. बाभळीची एक शेंग सापडली, ती ठेवली आणि म्हणालो, "आई, उजवा पोचला."

मग विचारायचं होतं ते विसरून घरी आलो.