सावरघाटच्या उरकुड्याचा सवाल

फार वर्षांपूर्वी, वैनगंगेवर पूल होईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं तेव्हा, सावरघाटला उरकुडा नावाचा एक नावाडी होता. धीवराच्या घरचा, हाडापेरानं मजबूत, आणि जिभेला लगाम नसलेला. अलीकडच्या उंच काठावर सावरघाट, पलीकडच्या सखल काठावर खालटोली, आणि मधे उरकुड्याचा डोंगा, एका खोडातून कोरलेली होडी. पाण्याखाली कुठं खडक आहे आणि कुठं वाळू, हे त्याच्या तळपायांना कळायचं असं म्हणतात. तळपाय डोंग्यात आणि खडक पार खाली, तरी कळायचं. कसं ते मला विचारू नका, मलाही कुणी सांगितलेलं नाही.

नावाड्याला दोन्ही गावं वर्षाचं धान्य देत. उरकुडा ते घेईच, पण प्रत्येक खेपेला आणखी एक गोष्ट मागे. डोंगा मध्यावर आला की वल्हं आडवं धरून तो विचारी, "सांगा जी, मानसातली सगळ्यात मोठी खोट कोन्ती?"

उत्तर मिळेपर्यंत वल्हं हलत नसे. आता भर नदीत बसून कोण वाद घालणार? लोक मुकाट्यानं उत्तर देत.

हा सवाल त्याला उगाच सुचलेला नव्हता. त्याचा बाप भिवा, तोही नावाडीच. एके दिवशी लख्ख ऊन पडलेलं, वारा नाही, पूर नाही, आणि भिवाचा डोंगा भरल्या माणसांनिशी बुडाला. उतारू कसेबसे पोहून निघाले, भिवा निघाला नाही. लोकांनी डोंगा काठावर ओढला, उलटापालटा करून पाहिला. भोक नाही, भेग नाही. तेव्हा गावातलं कुणी जाणतं माणूस म्हणालं, "डोंग्यात खोट नाही, तं मानसात असन." उरकुडा तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचा होता. ते वाक्य त्याच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं.

मग तो विचारत राहिला. खालटोलीचे बळीराम पाटील म्हणाले, "आळस." पाटलांना स्वतःला दुपारच्या झोपेतून उठवायची कुणाची हिंमत नव्हती, ते सोडा. बांगड्या विकणारी यमुना कासारीण म्हणाली, "तोंडाळपणा," आणि उतरेपर्यंत त्याच विषयावर बोलत राहिली. एक गोसावी म्हणाला, "लोभ, बेटा, लोभ." त्याची झोळी इतकी फुगली होती की तिला वेगळी जागा द्यावी लागली. सासवा म्हणत सुनांची जीभ, सुना म्हणत सासवांचे कान. उरकुडा हसे, मान डोलावी, वल्हं मारी. पण समाधान होत नसे. सगळी उत्तरं खरी वाटत, आणि तरी बापाचा डोंगा त्यातल्या एकानंही बुडाला असेल असं वाटत नसे.

एका भादव्यात नदी अशी फुगली की म्हाताऱ्यांनीही तसं पाणी पाहिलं नव्हतं. खालटोलीच्या अंगणांत पाणी शिरलं. उरकुड्यानं सकाळपासून खेपा घातल्या. लेकरं आणली, म्हातारीकोतारी आणली. ऊन कलता कलता पाण्यात आख्खी झाडं वाहून यायला लागली, तेव्हा त्याला कळून चुकलं की आता एकच खेप होईल. मागं कुणी राहिलं, तर ते राहिलंच.

शेवटच्या खेपेची माणसं डोंग्यात बसली, आणि पाणी डोंग्याच्या काठाला बोटभर उरलं. तेवढ्यात कमरेइतक्या पाण्यातून पारबता आली. कोष्ट्याची बायको, दिवस भरत आलेले. नवरा आधीच्या खेपेत तिच्या आंधळ्या सासूला घेऊन गेला होता. ही दाव्याला बांधलेली वासरं सोडायला मागं थांबली होती. तिच्या हातात काहीच नव्हतं.

"जागा नाही बाई," पाटील म्हणाले.

"ओझं कमी करा, जागा होते," उरकुडा म्हणाला.

तेव्हा जे झालं त्याची अजून नक्कल करून दाखवतात. पाटील म्हणाले, माझी ही एवढीशी पेटी, तिचं काय वजन, त्या कासारणीचा बांगड्यांनी भरलेला हारा बघा, केवढी टोपली. यमुना म्हणाली, काचेला कुठं वजन असतं, त्या गोसाव्याची झोळी बघा. गोसावी म्हणाला, यात तर देवाचं नाव आहे, त्या तेल्याचे डबे बघा. सगळ्यांची बोटं दुसऱ्याकडं, आणि सगळ्यांचे हात आपापल्या गाठोड्यावर. पारबता डोंग्याच्या काठाला धरून उभी, पाणी तिच्या छातीला लागलेलं.

उरकुडा चिडला. रागाच्या भरात म्हणाला, "आपलं ओझं शेजाऱ्याच्या मांडीवर द्या. नाही तं मी वल्हं मारत नाही."

त्याचा हट्ट सगळ्यांना माहीत होता. पेटी कासारणीच्या मांडीवर गेली, हारा गोसाव्याच्या, झोळी तेल्याच्या, डबे पाटलांच्या. आणि मग सगळे एकदमच कण्हले. "बापा, केवढं जड हाये हे!" पाटलांच्या पेटीखाली यमुनाबाईचे पाय थरथरायला लागले. पाटील बघत राहिले. ती पेटी त्यांनी जन्मभर उचलली होती, पण तिच्याखाली कुणाचे पाय थरथरताना कधी पाहिले नव्हते. आधी त्यांनीच ती उचलली आणि पाण्यात सोडली. मग हारा गेला, झोळी गेली, डबे गेले. कुणी कुणाला सांगितलं नाही.

डोंगा वीतभर वर आला. पारबताला आत ओढलं, पुढच्या टोकाला नाळेपाशी बसवलं. तिच्या भारानं तो परत खाली गेला, आणि खळखळणारं पाणी काठावरून आत उडायला लागलं. आता टाकायला काहीच उरलं नव्हतं. माणसं एकमेकांकडं बघायला लागली, आणि ते बघणं चांगलं नव्हतं.

पारबताच्या पायाला काहीतरी गार लागलं. तिनं वाकून पाहिलं. "भाऊ, हे का हाये जी?"

"माह्या बापाचा गोटा हाये."

तो नदीतला काळा दगड होता. भिवा त्याला दोर बांधून डोंगा थोपवायचा. बुडालेला डोंगा वर काढला तेव्हा तो आतच सापडला होता. उरकुड्यानं नवा डोंगा कोरला तेव्हा सगळ्यात आधी हा गोटा त्यात ठेवला. थोपवायला त्याचा उपयोगही नव्हता, डोंगा झाडाला बांधत. पण बापाचा हात लागलेली तेवढी एकच वस्तू उरली होती.

"जड हाये का?" पारबतानं विचारलं.

"नाही बाई, इतकुसा तं हाये."

आणि बोलता बोलता उरकुडा थांबला. आपण काय बोललो हे त्याला ऐकू आलं. त्याच्या बापाला त्या लख्ख दिवशी कुणी विचारलं असतं, तर बापानं हेच उत्तर दिलं असतं.

तो गोटा उचलायला पाटील आणि गोसावी दोघं लागले. उरकुड्यानं त्याच्यावरून एकदा हात फिरवला आणि लहान मुलासारखा रडला. मग म्हणाला, "सोडा."

गोटा सुटला, आणि डोंगा असा वर आला की पाण्याला टेकलाच नाही असं म्हणतात. वाहती झाडं त्याच्या खालून निघून गेली. काठाला लागताच पारबता बाळंत झाली, मुलगी झाली, आणि खालटोलीची निम्मी घरं आज तिच्याच वंशातली आहेत.

त्या दिवसापासून उरकुड्यानं तो सवाल कुणाला विचारला नाही. उत्तर काय, हे लोक त्याला विचारत. तो नुसता त्यांच्या हातातली पिशवी मागून घेई. पुढं म्हातारपणी एकदा तो एकटाच डोंगा घेऊन गेला. संध्याकाळी डोंगा आपला आपण परत आला, आतून कोरडा ठणठणीत. उरकुडा आला नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मधोमध एक काळा खडक वर दिसतो. तो दर वर्षी तिळाएवढा वाढतो असं म्हणतात. मोजून कुणी पाहिलेलं नाही, कारण मोजायला जाणाऱ्याला म्हणे आपलाच भार सोसत नाही.

आता पूल झाला आहे, एसटी जाते. तरी भादव्यात, नदी भरली की, दोन्ही गावची माणसं पुलाच्या तोंडाशी उतरतात आणि चालत पलीकडं जातात. जाताना आपलं ओझं शेजारच्याच्या हातात द्यायचं, त्याचं आपण घ्यायचं, आणि विचारायचं, "जड हाये का?" समोरच्यानं खरं सांगायचं. जड म्हणाला तर त्यातली एक वस्तू काढून कठड्यावर ठेवायची, ज्याला लागेल तो नेतो. सून पहिल्यांदा पुलावरून सासरी येते तेव्हा तिची सासूही हेच करते.

परगावचा माणूस यात सापडला की ओशाळतो. पिशवी छातीशी धरून म्हणतो, माझं काही नाही, हलकंच आहे. तिथं धीवराची एखादी म्हातारी हमखास बसलेली असते. ती हसत हात पुढं करते आणि म्हणते, "तं मंग दे ना इकडं."