फ्रंटरनरची पायवाट

“आणि हे फ्रंटरनर म्हणजे काय रे, भैरवा?”

हंसगिरी बुवांनी कालचा पेपर डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. मठाच्या गादीवर पुढे कोण बसणार, याची बातमी आली होती. बुवा दत्तजयंतीला नाव सांगणार होते. दोन शिष्यांपैकी भैरवगिरी ‘फ्रंटरनर’ आहे, असं छापलं होतं.

“सगळ्यांच्या पुढे असलेला, बुवा. ज्याची निवड जवळजवळ नक्की.” भैरवगिरीनं नम्रपणे सांगितलं. नम्रपणेच हो, पण छाती काही आत जाईना!

“असं होय... आणि आपला सोमगिरी?”

“माणूस चांगला आहे. पण मागे पडतो.”

बुवांनी पेपराची घडी घालून ठेवली.

मधुकरी मागायला तिघं रोज उजाडताना डोंगर उतरून वाडीवर जात. पायवाट एका माणसापुरती. पुढे बुवा, मागे दोघं शिष्य. बारा वर्षांत हा क्रम मोडला नव्हता.

“आज तू पुढे हो,” बुवा म्हणाले.

भैरवगिरीला आभाळ ठेंगणं झालं. निघाला तरातरा.

दहा पावलांवर कोळ्याचं जाळं तोंडावर बसलं. ते पुसतोय तोच दुसरं. कमरेइतक्या गवतातल्या दवानं छाटी चिंब झाली. करवंदीच्या काट्यानं दंड ओरबाडला.

“काय मेली वाट आहे!” तो करवादला. “आजच कुठून आली ही जाळी?”

“रोज असतात.”

“रोज? मग मला एकदाही कशी...”

तो थांबला. वळून पाहिलं. बुवांची छाटी आज कोरडी होती.

वाडीवर पोचेपर्यंत ती नेहमी ओलीचिंब असायची. म्हातारबुवा आंघोळ करून तसेच ओलेत्यानं निघतात, असंच बारा वर्षं त्याला वाटत आलं होतं.

भैरवगिरीला लाज वाटली. चांगलं रडूच आलं.

“बुवा, मला गादी नको.”

“ते मी बघेन.”

“...मग एवढं तरी द्या. रोज मला पुढे चालू द्या.”

बुवा खुदकन हसले. आजवर कुणाला हात लावू न दिलेली आपली काठी त्यांनी भैरवगिरीला दिली.

काठीनं जाळी दूर सारत तो पुन्हा तरातरा निघाला.

“अरे, हळू...” मागून बुवा म्हणाले. “सोमगिरीचा गुडघा दुखतोय.”