दोऱ्याचं पथ्य

"आवं, पर दोरा देनार का न्हाई, तेवढं सांगा की!"

भैरूनं तिसऱ्यांदा इचारलं. आवाज चढला व्हता.

मायाप्पा बुवानं मान वर केली न्हाई. त्याच्या म्होरं येक मेंढी आडवी पडली व्हती. सकाळीच व्याली व्हती, लई अवघड गेलं व्हतं तिला. बुवा तिचं पाय चोळत व्हता.

बुवा म्हंजी बिरोबाच्या माळावरचा धनगर. ऐंशीच्या घरातला. खांद्यावर घोंगडं, कपाळाला भंडारा. धा गावची मानसं त्याच्याकडनं लोकरीचा दोरा न्यायची. ताप आला, दोरा. म्हस आटली, दोरा. बुवाला त्याचा वीट आला व्हता, पर मानसं काय ऐकत्यात व्हय.

आन् भैरू इहिरी खंदायचा. पहार मारली की कातळाला घाम फुटावा आसा गडी. धा वरसं बुवाच्या पायाशी बसला, म्हनून सोताला त्याचा थोरला चेला समजायचा. डोकं मातूर कायम तापल्याला तवा.

"कुनाला पायजे दोरा?"

"पोराच्या आयला."

"नाव न्हाई व्हय तिला?"

"हाय की... शेवंता." भैरू जरा आडखळलाच. "दोन म्हैनं झालं बाळंत हून. भितीकडं तोंड करून बसती. बोलत न्हाई. पोरगं रडलं की उचलती, पाजती, खाली ठिवती... की फिरून भितीकडं. लागीर झालंय, दुसरं काय!"

"हं. मग तू काय केलंस?"

ह्येच सांगायला भैरू टपला व्हता.

"करायचं काय ठिवलंच न्हाई बगा! तिला आय न्हाई, म्हनून बाळंतपन माझ्या घरात केलं. डिंक आनला, खोबरं आनलं. सटवाईला कोंबडं कापलं. बारशाला आख्खी आळी जेवू घातली. पोराला पाळना केला, पोराला टोपडी, पोराला वाळं... पोराला कमी म्हनून काय ठिवलं न्हाई!"

बुवा मेंढीच्या तोंडाला गुळाचं पानी लावत व्हता. ती दोन घोट प्याली, तिसरा सांडला.

"नर्सबाई आली न्हाई का?"

"आलती. म्हनली, बाळंतपनानंतर बायकांचं आसं मन बसतंय, ह्याला औशिद हाय, दवाखान्यात दावा, येकटं सोडू नगा. म्या म्हनलं, बाई, माझी बायकू येडी न्हाई. दिली हाकलून."

बुवाचा हात थांबला.

"बायकांला तेवढं सोसावंच लागतंय की वो," भैरू म्हनला. "माझ्या आयनं सात काडली. चौथ्या दिशी रानात!"

"सातातली जगली किती?"

"तीन."

बुवा फिरून पाय चोळाय लागला.

भैरूचा आवाज मग खाली आला. दगडावर बसला मटकन.

"काल इहिरीवर गेलती, बुवा. हातात घागर न्हाई, दोर न्हाई. काठावर हुबी. म्या हाका मारल्या, वळली न्हाई. हाताला धरून माघारी आनली... हात कसा, ऱ्हाटाचं लाकूड धरल्यावानी. मीच खंदल्याली इहीर हाय ती. साठ फूट."

"आता तिच्याजवळ कोन हाय?"

"आय हाय, शेजारची काकू हाय. जागची हलू नगा म्हनून बजावून आलोय. मला कळंना झालंय आता काय. डोळं नुसतं चुरचुरत्यात. दोरा द्या, मी जातो."

बुवा उठला. गुडघं कडाकडा वाजलं. मेंढीच्या बाजूचं वलं कोकरू त्यानं उचललं, आन् न बघताच भैरूच्या मांडीवर ठिवलं.

"दोरा वळाय येळ लागतोय. तवर ह्ये धर. खाली ठिवू नगंस, मुंग्या हायत. त्याच्या आयला आज उठवत न्हाई."

बुवानं चाती घेतली, लोकर घेतली, आन् मेंढीला टेकून सूत काडाय बसला.

आयतवार व्हता. बिरोबाला मानसं याय लागली.

पयली आली सगुनाबाई. कमरंत वाकल्याली, पर तोंड येकदम सरळ.

"आगं बया, कसं गोजिरं हाय!" म्हनून तिनं कोकराच्या डोक्यावरनं हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मग भैरूवर डाफरली, "नीट धर की मुडद्या! मान लोंबकाळतीया त्याची!"

भैरूनं मान सावरली.

तिच्या मागनं येक पटकेवाला आला. कोकराचं तोंड उघडून बघितलं. "प्यालंय का ह्ये?"

"मला काय ठावं!"

"धरून बसलायस आन् तुला ठावं न्हाई? आमच्यात आसं धरत न्हाईत. उताणं धर."

भैरूनं उताणं धरलं. कोकरू बोंबललं.

"उताणं कुनी धरायला सांगितलं रं?" सगुनाबाई देवळातनं वराडली.

मग येक जोडपं आलं. बाईनं कोकराला गूळ दावला, नारळाचं पानी त्याच्या तोंडाला लावलं. बाप्या म्हनला, "मायाप्पा बुवावानीच दिसतंय बगा. ह्येच नाक!" समदी हसली. कोकरू मुतलं, भैरूचं धोतर भिजलं. त्याला फिरून समदी हसली.

उन्हं डोक्यावर आली. भैरूच्या बाजूला, दगडावर, आयनं बांधून दिल्याली भाकर व्हती. येका हातानं गाठ सुटंना. दातानं ओढली, तर कोकरू घसराय लागलं. त्येला सावरतुया तवर देवळातलं कुत्रं आलं आन् भाकर घेऊन गेलं. फडक्यासकट.

"बुवा... जरा धरता का? मला पलीकडं जाऊन येयाचंय."

बुवा चाती फिरवत म्हनला, "आरं, तेवढं सोसावंच लागतंय की."

भैरू बसला. दंड भरून आलं, पाठ मोडल्यागत झाली. मानूस येतंय, कोकराशी बोलतंय, कोकराला कुरवाळतंय, त्याला दोन शब्द सुनावतंय, जातंय. आन् म्हागं बुवा. सकाळधरनं त्यानं कोकराकडं येकदाबी बघितलं न्हाई. मेंढीचं पाय चोळ, तिच्या तोंडाला पानी लाव, तिच्या आंगावर घोंगडं सरकव... बास.

"सुकलंय वो कोकरू," येक म्हातारा वाकून म्हनला. "धरनाऱ्याच्या आंगात ऊब नसंल."

तितं भैरूचं टाळकं सटकलं.

"ऊब न्हाई? आरं, सकाळधरनं बसलोय हितं! मुतलंय माझ्यावर! भाकर कुत्र्यानं न्हेली! पानी न्हाई घशात! ज्यो त्यो येतोय, कोकरू, कोकरू, कोकरू! आरं, मी काय दगड हाय का? मी जेवलो का, मेलो का, येकानं तरी इच..."

...

तोंड उघडंच ऱ्हायलं.

म्हातारा घाबरून देवळात शिरला. माळावर नुसतं वारं.

भैरूच्या डोळ्याम्होरं बारसं आलं. चाळीस पान उठलं व्हतं. बाया पाळन्याभवती, बाप्ये वसरीवर. शेवंता कोपऱ्यात व्हती, भितीला टेकून. तिला ताट कुनी वाढलं?

भैरूनं लई आठवून बघितलं. आयनं वाढलं आसंल. न्हाई, आय तर पोराला घिऊन फिरत व्हती... मग काकूनं? का तिनं सोताच घेतलं?

घेतलं का?

त्याला आठवंना.

"बुवा..." त्यानं हाक मारली.

बुवा उठला. आला. भैरूच्या मांडीवरचं कोकरू उचललं.

"आन हिकडं."

मग सोताची भाकर त्याच्या म्होरं ठिवली. वर कांदा, वर चटनी. पान्याचा तांब्या.

"जेव."

भैरू जेवला. दोन घास गिळलं, तिसऱ्याला डोळ्यातनं पानी आलं. चटनी तिखट व्हती, आसं त्यानं सोतालाच सांगितलं. चौथा घास हातात धरूनच त्यो कलंडला, आन् ढाराढूर झोपला.

जाग आली तवा सावली पार दुसऱ्या अंगाला गेलती. त्याच्या आंगावर घोंगडं व्हतं. दोन म्हैन्यात येवढी झोप लागली नव्हती.

कोकरू बुवाच्या मांडीवर. मेंढी उठून बसल्याली. हिवराचा पाला चगळत व्हती, सावकाश, आन् मधीच मान वळवून बुवाच्या मांडीवर काय हाय त्ये हुंगत व्हती.

"बुवा, लई येळ झाला. जातो. दोरा..."

बुवानं दोरा काडला. काळ्या-पांढऱ्या लोकरीचा. भैरूचा हात धरला आन् त्याच्याच मनगटाला गाठ मारली.

"आवं, मला कुठं? तिला पायजे!"

"गप."

बुवानं गाठ आवळली.

"नर्सबाईचं घर वाटंतच हाय. तिला संगं घे. पाया पडाय लागलं तर पड. आन् ती दवाखान्यात चला म्हनली, तर आजच निघायचं. उद्याला न्हाई."

"व्हय."

भैरू चार पावलं गेला. थांबला. बुवाच्या दोऱ्याला पथ्य आसतंय, ह्ये धा गावाला ठावं. कुनाला कांदा वर्ज, कुनाला म्हैनाभर मटान न्हाई. पथ्य मोडलं की दोरा वाया.

"बुवा, पथ्य?"

बुवानं डोळं मिटलं व्हतं. लई थकला व्हता म्हातारा. भैरूला वाटलं, झोप लागली.

"येकच," बुवा म्हनला. "घरात शिरलास, की आदी पोराकडं बघायचं न्हाई."