तेराची बेरीज

“कोडं चुकलं होतं का? एवढंच सांगा, चाचा.”

मुकादमचाचा ओसरीवर पावटे सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

शाल्मली जठार सकाळच्या पहिल्या एसटीने आली होती. पर्समध्ये टाइप केलेलं पत्र होतं आणि खाली सहीपुरती जागा सोडलेली होती.

चाचा भूमापन खात्यातले निवृत्त मोजणीदार. तालुक्यातल्या हद्दीच्या दगडांत त्यांची हयात गेली. म्हातारपणी त्यांना जिओकॅशिंगचा नाद लागला. कोणीतरी डोंगरात डबा लपवतं आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश अक्षरांच्या कोड्यात दडवतं. बाकीच्यांनी अक्षरांचे आकडे करायचे, ते मोबाइलमध्ये घालून जागा गाठायची, डब्यातल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथे ठेवून घरी यायचं. इतका साधा खेळ.

नऊ वर्षांपूर्वी शाल्मली तो चाचांकडे शिकली, तोही चार रविवारांत. तिची हुशारी कोणी नाकारणार नाही. ती स्वतः तर नाहीच नाही. आता तीच तालुक्याच्या जिओकॅशिंग मंडळातल्या नवशिक्यांना शिकवत होती आणि नवशिके तिला मॅडम म्हणत होते.

तीन आठवड्यांपूर्वी त्या नवशिक्यांपैकी एक, कुमुद बोधे, शाल्मलीने रचलेल्या कोड्यातला डबा शोधताना याच गावावरच्या सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, दक्षिण कड्यावरून खाली पडल्या. वय सत्तावन्न. शाळेच्या ग्रंथालयातून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. त्यांचा मृतदेह वर आणायला दुसरा दिवस उजाडला.

“संध्याकाळी मंडळाची बैठक आहे,” शाल्मली म्हणाली. “वर्ग माझ्याकडे ठेवायचा की काढून घ्यायचा, ते ठरणार आहे. कोडं निर्दोष होतं असं तुम्ही लिहून दिलंत, की विषय संपला. तुमच्या शब्दापुढे कोणी जात नाही.”

“वर्ग गेला तर?”

“माझ्याकडे दुसरं काय आहे, चाचा?”

हे मात्र ती खरं बोलली.

चाचांनी टोपली बाजूला सारली. “उत्तर काय होतं?”

“अक्षांशाचे शेवटचे तीन आकडे. दोन, सात, चार.”

“आणि त्या बाईंनी काय काढलं?”

“दोन, चार, सात. शेवटचे दोन आकडे उलटे उतरवले. किती वेळा सांगितलं होतं, आकडे नीट उतरवा म्हणून!”

“फरक किती पडला?”

“पन्नास मीटर.”

“कुठल्या अंगाला?”

“…दक्षिणेला.”

दक्षिणेला चाळीस मीटरवर सडा संपतो. दोघांनाही ते ठाऊक होतं.

“पडताळणी दिली होतीस?”

“अर्थात!” तिचा आवाज चढला. “तिन्ही आकड्यांची बेरीज तेरा. कोड्याखाली ठळक छापली होती. माझं कोडं पडताळणीशिवाय कधीच नसतं.”

“दोन, सात, चार. किती?”

“तेरा.”

“दोन, चार, सात?”

…

“बेटा, किती?”

“तेरा,” शाल्मली हळू आवाजात म्हणाली.

चाचा उठले. कोपऱ्यातली काठी घेतली आणि अंगण ओलांडून पलीकडच्या खोलीकडे निघाले. काठी पुढे टेकवायची, जमीन चाचपायची, मग पाऊल. पुन्हा काठी, पुन्हा पाऊल. त्यांची नजर अजून शाबूत होती. जन्म गेला त्याच अंगणात हा म्हातारा आंधळ्यासारखा चालतो, याचं शाल्मलीला शिकायला यायची तेव्हाही हसू यायचं. घरी जाऊन ती त्यांची नक्कलही करून दाखवायची.

ते तसेच परत आले. हातात शंभर पानी वही होती, पावसाने फुगलेली.

“परवा त्या बाईंचा भाऊ देऊन गेला. म्हणाला, यातलं मला काही कळत नाही.”

शाल्मलीने वही घेतली नाही. चाचांनी ती तिच्या शेजारी ठेवली आणि पुन्हा पावटे सोलायला बसले.

“त्या दिवशी धुकं होतं?” त्यांनी विचारलं.

“होतं.”

“तू कुठे होतीस?”

“खाली, चहाच्या टपरीवर. घड्याळ लावून. मी वेळ घेते ना प्रत्येकाची… कोण किती मिनिटांत पोचलं त्याची.”

“बाई कितव्या यायच्या?”

“शेवटच्या. नेहमीच.”

“काही म्हणालीस त्यांना?”

तिने पर्स मांडीवर ओढली.

“गंमत केली होती. सगळ्यांसमोर. म्हटलं, कुमुदताई, आज तरी डब्याला गंज चढायच्या आत पोचा… त्याही हसल्या.”

चाचांनी पुढचा पावटा सोलला. आता शाल्मलीला राहवेना. तिने वही उघडली.

अक्षर गोल आणि नेटकं होतं, पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक घालणाऱ्या हाताचं. शेवटच्या लिहिलेल्या पानावर अक्षरांचे आकडे मांडले होते. खाली ‘२ + ४ + ७ = १३’, आणि त्यापुढे ‘बरोबर! आज पहिली!’

पान दिसू नये म्हणून शाल्मलीने वही उलटवली, तर पहिलं पान समोर आलं. त्यावर एकच ओळ होती. लाल पेनाने दोनदा अधोरेखित केलेली.

‘बेरीज जुळली की शंका घ्यायची नाही. – शाल्मली मॅडम’

“चाचा, हे वाक्य माझं नाही,” ती घाईने म्हणाली. “तुमचं आहे. याच ओसरीवर तुम्ही मला सांगितलंत.”

“हो. माझंच.”

“मग?”

“चौथ्या रविवारी सांगितलं. पाचव्या रविवारी तू आली नाहीस.”

“मला सगळं येत होतं तेव्हा.”

“हो. मी दुपारपर्यंत वाट पाहिली.”

“पाचव्या रविवारी काय शिकवणार होतात?”

चाचांनी ओसरीला टेकवलेल्या काठीवर हात ठेवला. नुसता ठेवला.

शाल्मलीने काठीकडे पाहिलं, मग अंगणाकडे. मातीत काठीच्या टोकाचे बारीक खळगे उमटले होते आणि प्रत्येक खळग्यामागे एक पाऊल होतं. बेरीज जुळली, तरी पाऊल टाकण्याआधी जमीन चाचपायची, हे तिला आत्ता उमगलं आणि रडू फुटलं.

“तुम्ही बोलवायला हवं होतं मला,” ती रडत म्हणाली.

“हवं होतं,” चाचा म्हणाले. “नऊ वर्षं होती माझ्याकडे.”

त्यांचाही आवाज नीट नव्हता. मग त्यांनी हात पुढे केला.

“आण ते पत्र.”

“नको, चाचा.”

“आण.”

त्यांनी पत्र अक्षर न् अक्षर वाचलं. ‘सदर कोडे मी स्वतः तपासले असून त्यात कोणताही दोष नाही.’ खिशातलं पेन काढलं, पत्र गुडघ्यावर ठेवलं आणि मोजणीच्या नकाशावर करत तशी ठसठशीत सही केली, खाली तारीख घातली.

“सही का केलीत?” शाल्मलीने विचारलं. “नका ना… फाडून टाका ते.”

चाचांनी पत्राची घडी घातली. कुमुदताईंच्या वहीत, त्या शेवटच्या पानाशी ठेवली. आणि वही तिच्या मांडीवर दिली.

“घे बेटा,” ते म्हणाले. “बेरीज जुळली.”